गाडी चालती करणं आणि गाडी रिस्टोअर करणं

दहा-बारा वर्षं एका जागी उभ्या असलेल्या गाडीवरची ताडपत्री ओढली की पहिला शब्द तोंडात येतो तो रिस्टोरेशन. बजेट तोकडं असेल तर हाच शब्द सगळ्यात महाग पडतो. कारण त्या क्षणी गाडीला जे हवं असतं ते बहुतेक वेळा रिस्टोरेशन नसतंच. तिला फक्त चालती करायची असते. दोन्ही कामांत पाने तेच, गॅरेज तेच, हातही तसेच काळे होतात, म्हणून ती एकच वाटतात. पण ती जिथे संपतात ती ठिकाणं वेगळी आहेत.

चालती करणं म्हणजे गाडी ज्या दिवशी शेवटची उभी केली, त्या दिवशी ती जशी होती तिथपर्यंत तिला सुरक्षितपणे परत आणणं. रिस्टोअर करणं म्हणजे कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापर्यंत मागे जाणं. पहिल्या कामात उभं राहिल्यामुळे झालेलं नुकसान भरून काढायचं असतं. दुसऱ्यात त्याच्या भरीला चालल्यामुळे झालेली झीज, पूर्वीच्या मालकांनी केलेली जोडाजोड, उन्हापावसाने खाल्लेला रंग, फाटलेली सीटं, सगळंच येतं. घिसलेली दुसऱ्या गिअरची रिंग, थोडं ऑइल पिणारं इंजिन, दारावरचा जुना पोचा, या गोष्टी उभं राहून झालेल्या नाहीत. गाडी बंद पडण्याआधीही त्या होत्या आणि त्यांच्यासकट ती रोज धावत होती. चालती करताना त्यांना हात लावायचा नाही. कागदावर हे सोपं वाटतं, पण बॉनेट उघडल्यावर पाळणं फार कठीण जातं.

उभ्या गाडीचं नेमकं काय बिघडतं? मुख्यतः तीन गोष्टी: द्रव, रबर, आणि एकमेकांना टेकून राहिलेले धातू. पेट्रोलमधले हलके घटक काही महिन्यांतच उडायला लागतात, उरलेल्याचा चिकट राळेसारखा थर होतो आणि तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकांत, बसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल ओढतं. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात आणि तिथून पत्रा आतून गंजतो. म्हणून जुन्या पेट्रोलवर नवं पेट्रोल ओतून सेल्फ मारायचा नाही. टाकी रिकामी करायची, आत टॉर्च मारून बघायचं. कार्बोरेटरची गाडी असेल तर पहिल्यांदा इंजिन बाहेरच्या छोट्या कॅनमधून पेट्रोल देऊन चालू करावं. टाकीतला गंज मग सावकाश निस्तरता येतो आणि तो पंप, फिल्टर, जेट असा पुढे पुढे सरकत नाही. इंजेक्शनच्या गाडीत पंप बहुधा टाकीतच असतो, त्यामुळे तिथे टाकी आधी आणि इंजिन नंतर. पेट्रोलचे जुने होस पाइप मात्र दोन्ही प्रकारांत बिनशर्त बदलावेत. ते स्वस्त असतात आणि फुटले तर गाडी पेटते.

इंजिनला तर आधी सेल्फ दाखवूच नये. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हाताने फिरवा. दोन पूर्ण फेरे झाले म्हणजे चारही स्ट्रोक एकदा होऊन गेले. फिरत नसेल तर जोर करायचा नाही; पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, गंजून चिकटलेल्या असतात, पुन्हा ऑइल, पुन्हा थांबणं. कधी कधी आठवडा जातो. ही वाट बघण्याची किंमत शून्य आहे, आणि जबरदस्तीने तुटलेल्या रिंगेची किंमत म्हणजे अख्खं इंजिन उघडणं. इंजिन मोकळं झालं की ऑइल आणि ऑइल फिल्टर चालू करण्याआधीच बदला, जुनं ऑइल डिपस्टिकवर कितीही स्वच्छ दिसलं तरी. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, आणि ते कुठून गेलं हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका. नंतर इग्निशन आणि पेट्रोल दोन्ही तोडून, प्लग बाहेर ठेवूनच, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फवर फिरवायचं, म्हणजे कोरड्या बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचतं.

टायमिंग बेल्टची गाडी असेल तर थोडं थांबा. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा हा बेल्ट किलोमीटरने जुना होतो तसा वर्षांनीही होतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. तेव्हा बेल्ट आधी बदलायचा, इंजिन नंतर चालू करायचं. बेल्टऐवजी साखळी असलेल्या इंजिनात ही भीती पुष्कळ कमी.

ब्रेकबद्दल मी कोणाचंही ऐकत नाही. पैसे कितीही कमी असोत, ब्रेक पूर्ण करायचे. साधं ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू ताजा असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. दहा वर्षं पडून राहिलेल्या ऑइलने केवळ उकळबिंदूच गमावलेला नसतो, त्या पाण्याने मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडर आणि कॅलिपरचे पिस्टनही आतून गंजवलेले असतात. शिवाय रबरी ब्रेक होस आतून फुगतो. पॅडल दाबल्यावर प्रेशर पुढे जातं, पण परत येत नाही आणि चाक धरून राहतं. बाहेरून होस अगदी चांगला दिसतो. तेव्हा होस नवे, सील नवे, ऑइल नवं. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका, ते वेगळंच रसायन आहे. आणि ब्रेकच्या जुन्या लायनिंगची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका; जुन्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती ओली करून पुसायची.

टायर डोळ्यांना फसवतात. खाचा पूर्ण असतात आणि रबर मेलेलं असतं. बाजूच्या भिंतीवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे. दहा वर्षांहून जुना टायर गाडी ढकलत आत घेण्यापुरता ठेवावा, रस्त्यावर नाही. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते, तेव्हा पॅडल दाबूनही गिअर पडत नाही. पॅडल लाकडाच्या तुकड्याने रात्रभर दाबून ठेवलं तर पुष्कळदा ती सुटते, गिअरबॉक्स उतरवायची वेळ येत नाही. बॅटरी, कूलंट, एअर फिल्टरमधलं उंदराचं घर आणि त्याने कुरतडलेल्या वायरी, हे ओघाने आलंच.

इथपर्यंतच्या कामात एक गोष्ट समान आहे. खर्च झालेला बहुतेक पैसा द्रव, रबर आणि फिल्टर यांत जातो, बाकी सगळी मेहनत आपली. आणि प्रत्येक पायरीनंतर गाडी आधीपेक्षा जास्त गाडी असते. मध्येच पैसे संपले तरी ती चार चाकांवर, एकसंध उभी राहते.

रिस्टोरेशनचं उलट असतं. त्यात सुरुवातीलाच गाडी सुटी होते. काच, दारं, सीटं, वायरिंग, इंजिन, सगळं उतरवून रंग खरवडला जातो, आणि खरवडल्यावरच खरं नुकसान दिसतं. अंदाजपत्रक कोसळतं ते तिथे. आधीच्या कोणीतरी पुट्टी भरून झाकलेली भोकं उघडी पडतात. रंगाच्या कामात रंगाचा डबा हा छोटा भाग. तासन्‌तास जातात ते पत्रा बदलण्यात, वेल्डिंगमध्ये, घासण्यात, प्रायमरमध्ये आणि पुन्हा घासण्यात. ही मजुरी कमी पैशांत होत नाही, आणि कमी पैशांत केलेलं डेंटिंग-पेंटिंग म्हणजे ओल्या गंजावर नवा थर.

मी ही गल्लत स्वतः केलेली आहे. इंजिन चालू होतं का हे नीट बघण्याआधीच डॅशबोर्ड, सीटं आणि पुढची दोन्ही दारं उतरवली, कारण मनात रंग ठरलेला होता. सहा महिन्यांत पैसे संपले, ब्रेकचं काम बाकी राहिलं, आणि शेवटी गाडी खोक्यांसकट दुसऱ्याला द्यावी लागली. सुट्या भागांच्या गाडीला चालत्या गाडीच्या जवळपासही किंमत येत नाही. त्याहून वाईट म्हणजे कोणता स्क्रू कुठला हे फक्त उतरवणाऱ्यालाच माहीत असतं, आणि वर्षभराने त्यालाही नसतं.

दोन्ही कामांची सीमा एकाच ठिकाणी खरोखर पुसट होते, ते म्हणजे गंज. वरवरचा तांबूस गंज, जो घासल्यावर खाली चकचकीत पत्रा दाखवतो, तो चालती करण्याच्या आड येत नाही. गंजरोधक लावा आणि पुढे चला. पण जिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आत जातो, तिथे पत्रा राहिलेलाच नाही. प्रश्न तो कुठे आहे याचा. दाराच्या खालच्या कडेला किंवा डिकीच्या तळाला असेल तर गाडी कुरूप आहे, एवढंच. दारांखालचे सिल, पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर, चॅसिसचे पट्टे, सीटबेल्ट जिथे पकडतो ती जागा, जॅक लावायची जागा, यांपैकी कुठे असेल तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. ज्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते, बॉडीच सगळं वजन पेलते, त्यांच्यात हे आणखी गंभीर. एक साधी परीक्षा: गाडी एका बाजूने जॅकवर उचलताना दाराभोवतीची फट बदलताना दिसली किंवा दार बसेनासं झालं, तर कणा गेलाय. (खाली शिरण्याआधी घोडी, म्हणजे गाडी तोलून धरणारा पक्का स्टँड, लावा, नुसत्या जॅकवर विसंबून कधीच नाही.) पुट्टी शोधायला चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावं, जिथे ते पकडत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे किंवा खाली लोखंडच नाही. कणा गेलेल्या गाडीला चालती करण्याचा मधला मार्ग नाही. आधी वेल्डिंग, आणि ते परवडत नसेल तर गाडी तशीच कोरड्या जागी ठेवणं हाही सन्माननीय निर्णय आहे.

आणखी एक फरक मला पैशांपेक्षा मोठा वाटतो. चालती करण्यात काहीच कायमचं जात नाही. जुना होस फेकला तर गाडीचं काही हरवत नाही. रिस्टोरेशनमध्ये कारखान्याने मारलेला रंग एकदा खरवडला की तो परत येत नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा, जी १९६६ साली स्थापन झाली, तिच्या ट्यूरिन चार्टर या सनदेत जतन आणि रिस्टोरेशन यांच्यात स्पष्ट भेद केलेला आहे, आणि काळाने गाडीवर सोडलेल्या खुणांनाही तिथे मोल दिलेलं आहे. फिकट रंगाची, सीटची शिवण उसवलेली, पण सगळे मूळ भाग जागेवर असलेली गाडी ही अर्धवट राहिलेली गाडी नव्हे.

माझा सल्ला विचारलात तर आधी चालती करा आणि किमान एक वर्ष चालवा. पहिले काही शे किलोमीटर घराच्या आसपासच. टाकीतला सुटलेला गंज पेट्रोल फिल्टर पुन्हा तुंबवेल, तो पारदर्शक लावा म्हणजे दिसेल. वाळलेले सील एकेक करून गळायला लागतील. काही ऑइलने फुगून आपोआप बसतील, काही बदलावे लागतील. नवं ऑइल लवकरच पुन्हा बदला, आतली जुनी घाण त्यात उतरलेली असते. वर्षभरात एक वहीही भरेल: काय वाजतं, काय गळतं, कशाचा त्रास होतो, कशाचा मुळीच होत नाही. मग त्या वहीतून एक काम निवडा, ते पूर्ण करून गाडी पुन्हा रस्त्यावर आणा, आणि तोपर्यंत दुसरं काहीही उघडू नका. वर्षानंतरही रंगच हवा असेल, तर निदान ब्रेक लागतात, इंजिन गरम होत नाही आणि सिल भक्कम आहेत हे माहीत असताना तो पैसा खर्च होईल.