भुलेतली सपाट रेघ आणि कोमातली सपाट रेघ

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या आयसीयूबाहेर गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाड्याकडून आलेली माणसं बसलेली असतात. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, झाला की प्रश्न ठरलेला: "मॅडम, रेघ सरळच येऊन राहिली म्हणते. मंग आता घरी नेऊन टाकाव का?" मी भूलतज्ज्ञ आहे. तशीच रेघ मी ऑपरेशन थिएटरमध्येही पाहते, आणि तो पेशंट काही वेळाने डोळे उघडून पाणी मागतो. म्हणून या दोन रेघांतला फरक घरच्यांना नीट कळावा असं मला फार वाटतं.

ज्या आलेखावरून हा गोंधळ होतो त्याला बर्स्ट सप्रेशन म्हणतात. पडद्यावर काही सेकंद जवळजवळ सपाट रेघ सरकत राहते. मग अचानक उंच, टोकदार लाटांचा लोंढा येतो, सेकंद-दोन सेकंदांत ओसरतो आणि पुन्हा सपाट. एकदा बघितलं की विसरता येत नाही.

भुलेत हे होतं ते औषधामुळे. प्रोपोफॉल, थायोपेंटोन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांपैकी कशाचाही डोस पुरेसा वाढवला की मेंदूच्या पेशींना शांत करणाऱ्या यंत्रणा इतक्या जोर धरतात, की मेंदूची वरची सालच थबकते. मेंदूची ऊर्जेची गरज तेव्हा खूप घटलेली असते, पण पेशी शाबूत असतात. औषध उतरलं की लाटा परत येतात. नेहमीच्या ऑपरेशनला इतकी खोल भूल लागत नाही. न थांबणारी फिट आटोक्यात आणायला मात्र कधी कधी आम्ही मुद्दाम पेशंटला इथवर नेतो.

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या पेशंटमध्ये आलेख तोच, कारण वेगळं. काही मिनिटं ऑक्सिजन न मिळाल्याने पेशींनाच इजा झालेली असते. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या बोअरवेलसारखं समजा: मोटर थोडा वेळ चालते, पाणी खाली जातं, मोटर कोरडी पडते, पाणी चढेपर्यंत थांबावं लागतं. पेशीतली ऊर्जा संपते, काम थांबतं, ती थोडी साठली की पुन्हा एक लोंढा. बर्स्ट सप्रेशन का होतं याचं एक मान्यताप्राप्त स्पष्टीकरण असंच आहे. भुलेत मेंदूचा खर्चच कमी केलेला असतो, इथे झराच आटलेला असू शकतो.

मग ओळखायचं कसं? लोंढ्यांचा आकार थोडी मदत करतो. हृदय बंद पडल्यानंतर प्रत्येक लोंढा आधीच्या लोंढ्याची हुबेहूब नक्कल वाटत असेल तर ते वाईट लक्षण. भुलेत प्रत्येक लोंढा सहसा वेगळा दिसतो. पण खरा उलगडा होतो तो पेशंटच्या अंगात काय चाललंय यावरून. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला झोपेचं औषध बहुधा चालूच असतं. सिरिंज पंपातली ती दुधासारखी पांढरी प्रोपोफॉल किंवा मिडॅझोलाम आलेख सपाट करू शकते. किडनी-लिव्हर खराब असेल तर औषध बंद केल्यावरही, विशेषतः मिडॅझोलामचा, असर बराच काळ रेंगाळतो. शरीर फार थंड पडलं तरी लाटा विझतात.

याच्या उलटा चकवा अल्फा लहरींचा. जागेपणी डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ लाटा दिसतात. प्रोपोफॉलच्या भुलेत त्या पुढे, कपाळाकडे सरकतात. ते अपेक्षितच असतं. हृदय बंद पडल्यानंतरच्या कोमातही याच वेगाच्या लाटा डोक्यावर सगळीकडे पसरलेल्या दिसू शकतात. रिपोर्टात 'अल्फा' वाचून लोकांना वाटतं पेशंट सुधारतोय. पण टाळी वाजवली, नाव घेऊन हाक मारली, नख दाबलं, तरी त्या लाटा जराही बदलत नसतील तर आनंद मानायचं कारण नाही. तोच आलेख झोपेच्या गोळ्यांच्या विषबाधेत दिसला, तर मात्र आशा बरीच असते.

आणि विदर्भात एक गोष्ट कधीच विसरू नये: मण्यार. तिच्या विषाने स्नायू लुळे पडतात, पापणीसुद्धा हलत नाही. माणूस खोल कोमात आहे असंच वाटतं, पण ईईजी जवळपास नॉर्मल येऊ शकतो. आत तो जागा असतो, ऐकतही असतो. त्याच्या कॉटजवळ उभं राहून "आता काही राहिलं नाही" असं बोलू नका.

हृदय बंद पडलेल्या पेशंटबद्दल अंतिम अंदाज किमान ७२ तास तरी बांधू नये, आणि एकट्या ईईजीवरून तर नाहीच. डोळ्यांच्या बाहुल्यांची हालचाल, सीटी-एमआरआय, रक्ततपासण्या सोबत बघाव्या लागतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना सरळ विचारा: ईईजी काढला तेव्हा पंपात कोणतं औषध चालू होतं, कधी बंद केलं, तापमान किती होतं, हाक मारल्यावर लाटा बदलल्या का? उत्तर "औषध चालूच होतं" असं आलं, तर ते उतरल्यावर पुन्हा ईईजी काढायला सांगा. घरी न्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.