उतारवयातील रक्तदाब आणि मन, झोप, स्मृती : पार्श्वभूमी

रक्तदाबाची गोळी नियमित घेणाऱ्या वृद्धांच्या तोंडी तीन तक्रारी हमखास असतात : रात्री झोप लागत नाही, कशात मन रमत नाही आणि ओळखीच्या माणसांची नावे ऐनवेळी आठवत नाहीत. घरातली माणसे पहिली तक्रार गोळीच्या माथी मारतात, दुसरी स्वभावावर ढकलतात आणि तिसरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात. वैद्यकशास्त्राची वाटचालही याहून फार वेगळी झालेली नाही. रक्तदाबाचा हृदयावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो हे लवकर मान्य झाले. मन, झोप आणि स्मृती यांची नोंद मात्र प्रथम औषधांच्या दुष्परिणामांच्या यादीत झाली, आणि या तिन्ही गोष्टी खुद्द आजाराचाच भाग असू शकतात हा विचार रुजायला पुढची अनेक दशके जावी लागली.

या यादीचा उगम सर्पगंधेत आहे. उन्माद आणि निद्रानाश यांवर या झुडपाची मुळी देण्याची पद्धत भारतात जुनीच. १९३१ साली कोलकात्यातून तिच्या रक्तदाब उतरवण्याच्या गुणाबद्दल लिहिले गेले, आणि १९४९ साली मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने आपल्या रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडल्यावर जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. त्यानंतर दोनच वर्षांत, मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ रेसरपिन घेणारे रक्तदाबाचे रुग्ण खिन्न होत असल्याचे अमेरिकेतून कळवण्यात आले. हे औषध मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या संदेशवाहक रसायनांचे साठे रिते करते असे दिसून आल्यावर खिन्नतेच्या रासायनिक उपपत्तीला तो एक मोठा आधार मिळाला. मात्र १९५५ साली लंडनमध्ये चिंता आणि खिन्नता असलेल्या रुग्णांनाच रेसरपिन देऊन पाहिले गेले, तेव्हा निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक बरे वाटले होते. हा निष्कर्ष मागे पडला आणि खिन्नतेची गोष्ट पाठ्यपुस्तकांत पक्की झाली. अलीकडे जुन्या अभ्यासांची एकत्रित फेरतपासणी झाली तेव्हा रेसरपिनमुळे खिन्नता येते असा सुसंगत पुरावा त्यांत आढळला नाही.

पुढे हृदयाची गती मंदावून रक्तदाब उतरवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांवरही हाच आरोप आला. २००२ साली १५ चाचण्यांमधील ३५ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली, तेव्हा थकव्यात थोडी वाढ दिसली, पण खिन्नतेच्या लक्षणांत लक्षणीय वाढ दिसली नाही. झोपेतील अडथळे आणि विचित्र स्वप्ने यांच्या तक्रारी मात्र टिकून राहिल्या. म्हणजे ज्या तक्रारीची चर्चा सर्वाधिक झाली तिचा पुरावा दुबळा ठरला आणि जिच्याकडे किरकोळ म्हणून पाहिले गेले तीत तथ्य उरले.

मनाच्या बाबतीत दृष्टी बदलली ती १९९७ च्या सुमारास. उतारवयात पहिल्यांदाच उद्भवणाऱ्या खिन्नतेच्या काही रुग्णांमध्ये मेंदूच्या खोलवरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात, एमआरआयमध्ये पांढऱ्या भागावर चट्टे दिसतात आणि त्यामागे बहुधा वर्षानुवर्षांचा रक्तदाब असतो, अशी मांडणी तेव्हा करण्यात आली. या खिन्नतेत रडू येणे किंवा अपराधी वाटणे कमी असते, मंदपणा आणि निरिच्छता अधिक असते. दुपारचा चहा समोर ठेवला तर घेतील, पण मागणार नाहीत. रोजचे वर्तमानपत्र घडीही न मोडता पडून राहील. आपल्याकडे याला ‘आता त्यांना कशाची हौस उरली नाही’ असे म्हणतात आणि ते वयाचे लक्षण समजतात. माझ्या मते वृद्धांच्या बाबतीत आपली सर्वांत मोठी चूक इथेच होते.

स्मृतीचा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. वरचा रक्तदाब ‘शंभर अधिक वय’ इतका असला तरी चालतो, वृद्धाच्या कडक झालेल्या रक्तवाहिन्यांना तो लागतोच, असे मानणारे डॉक्टर एके काळी पुष्कळ होते. १९९१ साली अमेरिकेत ६० वर्षांवरील ४,७३६ व्यक्तींवर झालेल्या चाचणीने हा समज मोडला : उपचारांमुळे पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. डिमेन्शियात, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याच्या आजारात, मात्र लक्षणीय घट दिसली नाही. १९९८ साली युरोपातील चाचणीत ते प्रमाण निम्म्यावर आल्याचे प्रसिद्ध झाले, पण दोन्ही गट मिळून रुग्ण होते अवघे ३२. २००८ साली ८० वर्षांवरील रुग्णांवरील चाचणीत मृत्यू घटले, स्मृतीचा प्रश्न तसाच राहिला. यातली आणखी एक गुंतागुंत स्वीडनमधील पाहणीतून १९९६ साली समोर आली होती. वयाच्या सत्तरीत ज्यांचा रक्तदाब अधिक होता त्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचे प्रमाण अधिक दिसले, पण आजार प्रकट होण्याच्या आधीच्या वर्षांत त्यांचा रक्तदाब खाली येऊ लागला होता. ऐंशीच्या पुढे आपोआप ‘सुधारलेले’ आकडे म्हणूनच दरवेळी दिलासा देणारे नसतात.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ या चाचणीकडे पाहिले पाहिजे. पन्नाशीपुढील ९,३६१ व्यक्ती तीत होत्या. निम्म्यांचा वरचा रक्तदाब १४० च्या खाली आणि निम्म्यांचा १२० च्या खाली आणायचा होता. मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेले रुग्ण वगळले होते. मुख्य प्रश्न हृदयाचा असला तरी स्मृतीची तपासणीही आरंभापासून आराखड्यात होती. २०१५ च्या ऑगस्टमध्ये, नियोजित काळ पूर्ण होण्याआधीच, उपचार थांबवण्याचा निर्णय झाला, कारण १२० च्या गटात हृदयविकार, पक्षाघात वगैरेंचे एकत्रित प्रमाण २५ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले होते. एका गटाला स्पष्ट लाभ होत असताना दुसऱ्याला त्यापासून वंचित ठेवणे नैतिकदृष्ट्या चूक आहे, ही निर्णयामागची भूमिका होती आणि ती सहजी खोडून काढता येण्याजोगी नाही.

तरीही या निर्णयाची किंमत स्मृतीच्या प्रश्नाने मोजली. हृदयविकाराचा झटका एका दिवसात नोंदवता येतो. डिमेन्शिया हळूहळू, वर्षांमागून वर्षे वाढतो आणि त्याच्या चाचणीला अवधी लागतो. उपचार सरासरी सव्वातीन वर्षांच्या आसपास थांबले, सहभागी आपापल्या डॉक्टरांकडे परतले आणि दोन गटांच्या रक्तदाबातील अंतर कमी होत गेले. स्मृतीच्या तपासण्या पुढे चालू ठेवण्यात आल्या आणि २०१९ साली निष्कर्ष आला : १२० च्या गटात डिमेन्शियाचे १४९ रुग्ण, १४० च्या गटात १७६. धोक्यातील घट १७ टक्के, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती योगायोगाने आलेली नाही असे म्हणता येईना. डिमेन्शियाच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे सौम्य बोधात्मक ऱ्हासात, १९ टक्क्यांची घट मात्र त्या कसोटीला उतरली. एमआरआयमध्ये १२० च्या गटातील चट्टे कमी वाढले, पण मेंदूचे एकूण आकारमान किंचित अधिक घटले. ज्यांना पुरावा हवा होता त्यांना तो मिळाला आणि ज्यांना शंका घ्यायची होती त्यांनाही जागा मिळाली. अजून दोन-तीन वर्षे दोन्ही गट वेगळे राहिले असते तर हा वाद बहुधा इतका लांबला नसता, असे मला वाटते.

त्यात शब्दाचाही गोंधळ झाला. या चाचणीतील निष्कर्षात आलेल्या ‘प्रॉबेबल डिमेन्शिया’चे मराठी ‘संभाव्य डिमेन्शिया’ असे करण्यात एक अडचण आहे. आपल्याकडे ‘संभाव्य उमेदवार’ म्हणजे पुढे होऊ शकणारा. इथे अर्थ तसा नाही : तपासण्या पाहून तज्ज्ञांनी ‘या व्यक्तीला डिमेन्शिया आहे, बहुधा आहेच’ असा निर्वाळा दिलेला असतो. ‘सौम्य बोधात्मक ऱ्हास’ म्हणजे विसराळूपणा असेही नाही. घड्याळाची तबकडी काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले, तर अशी काही माणसे गोल नीट काढतात, आकडेही लिहितात, पण मिनिटकाटा दोनाऐवजी दहावर नेऊन ठेवतात. हीच माणसे बाजारहाट, देवाणघेवाण आणि औषधपाणी स्वतः सांभाळत असतात.

‘रक्तदाब इतका उतरवला तर वृद्ध खचतील’ ही जुनी भीती याच चाचणीत तपासली गेली. खिन्नतेच्या प्रश्नावलीत दोन्ही गटांच्या गुणांत फरक पडला नाही. भोवळ येऊन पडणे, रक्तदाब फार खाली जाणे आणि मूत्रपिंडाला इजा हे प्रकार मात्र १२० च्या गटात अधिक होते.

झोपेचा इतिहास याहून त्रोटक आहे. दंडाला पट्टा बांधून २४ तास रक्तदाब मोजण्याची सोय झाल्यावर १९८८ साली लक्षात आणून दिले गेले की झोपेत रक्तदाब साधारणतः १० टक्के किंवा अधिक उतरतो आणि काहींचा तो उतरतच नाही. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यांचा रक्तदाबाशी संबंध २००० पर्यंत प्रस्थापित झाला. त्यानंतरचा वाद गोळीच्या वेळेचा : २०१९ साली स्पेनमधून रात्री गोळी घेण्याचे मोठे फायदे जाहीर झाले, त्यांच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उभे राहिले आणि २०२२ साली ब्रिटनमधील २१ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत सकाळ आणि रात्र यांत फरक आढळला नाही. लघवीची गोळी रात्री घेणाऱ्या वृद्धाला दोन-तीनदा अंधारात उठावे लागते, हा मुद्दा या वादात फार उशिरा आला.

भारतात अडचण मोजमापापासूनच सुरू होते. स्मृती तपासण्याच्या पाश्चात्त्य चाचण्या शाळा शिकलेल्यांसाठी बेतलेल्या होत्या. १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ भागात निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतून वेगळी चाचणी तयार करावी लागली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. त्याचे यश मोजले जाते ते १४०/९० च्या खाली आलेल्या रुग्णांच्या प्रमाणावरून, झोप किंवा स्मृतीवरून नव्हे.

२०२५ साली चीनच्या ग्रामीण भागातील चाचणीचा निष्कर्ष आला. ३२६ गावांतील ३३,९९५ व्यक्ती, वय ४० च्या पुढे; निम्म्या गावांत गावपातळीवरचे वैद्यसेवक ठरलेल्या पद्धतीने गोळ्या देत आणि वाढवत होते. चार वर्षांनंतर त्या गावांत डिमेन्शियाचा धोका १५ टक्क्यांनी कमी दिसला. अमेरिकेतील घट १७ टक्क्यांची होती आणि तरी ती अनिश्चित राहिली. चीनमधली १५ टक्क्यांची घट कसोटीला उतरली, कारण माणसे साडेतीनपट होती आणि गावे चार वर्षांपर्यंत आपापल्या गटांत राहू दिली गेली होती.