दोन लाख सायटेशनचा धनी

रेण्वीय जीवशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत, मग ती केंब्रिजची असो की पुण्याची, निळसर द्रावाची एक छोटी ट्यूब हमखास सापडते. तिच्यावर मार्करने ‘लेम्ली’ असं लिहिलेलं असतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षाची मुलंही हे नाव रोज घेतात. ते माणसाचं नाव आहे हे मात्र अनेकांच्या ध्यानीमनीही नसतं.

उलरिख लेम्ली हे स्विस शास्त्रज्ञ. केंब्रिजमध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (एमआरसी) प्रयोगशाळेत ते टी४ या विषाणूवर काम करत होते. हा विषाणू जिवाणूंवर हल्ला करतो आणि त्याचा डीएनए प्रथिनांच्या डोक्यात ठासून भरलेला असतो. हे डोकं जुळतं कसं, असा लेम्लींचा प्रश्न होता. त्यांना दिसलं ते असं: डोक्याचं मुख्य प्रथिन आधी मोठं तयार होतं आणि जुळणी होताना त्याचा एक तुकडा कापला जातो. १९७० साली ‘नेचर’मध्ये हा निबंध एकट्या लेम्लींच्या नावावर आला. शीर्षकात फक्त विषाणूचं डोकं आणि प्रथिनांची काटछाट आहे; प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची जी पद्धत त्यांनी वापरली, तिचा उल्लेखही नाही.

आणि जग उचलून धरतं ती पद्धतच. प्रथिनं त्या निळसर द्रावातल्या एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळली की त्यांच्या घड्या उलगडतात आणि सगळ्यांवर लांबीच्या प्रमाणात ऋणभार चढतो. मग वीज सोडून ती जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरातून, ओढायची. जेल चाळणीचं काम करतं: लहान प्रथिनं भराभर पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात. लेम्लींच्या जेलमध्ये वरचा थर सैल आणि ६.८ पीएचचा, तर खालचा घट्ट आणि ८.८ पीएचचा असतो. वरच्या थरात सगळी प्रथिनं दाटून एका बारीक रेषेत येतात आणि खाली एकदमच शर्यतीला लागतात. म्हणून पट्टे धारदार उमटतात. थरांची कल्पना ऑर्नस्टाइन आणि डेव्हिस यांनी १९६४ मध्येच मांडली होती, एसडीएसही वापरात होतं. लेम्लींनी दोन्हींची सांगड अशी घातली की ती कुणाच्याही हाताला जमावी. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

२०१४ मध्ये ‘नेचर’ने आजवर सर्वाधिक सायटेशन, म्हणजे इतर निबंधांत दिलेले संदर्भ, मिळालेल्या १०० निबंधांची यादी काढली. लेम्ली दुसरे, २ लाख १३ हजारांवर. पहिला क्रमांक ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाचा, ३ लाखांच्या वर; तिसरा मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा. हे दोन्ही निबंध प्रथिनांचं प्रमाण मोजायच्या पद्धतींचे. वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा निबंध पहिल्या शंभरात नाही! सर्पिल खरा आहे हे आता शाळेच्या पुस्तकात असतं, त्यासाठी संदर्भ कोण देणार? जेल मात्र रोज लावायचं असतं आणि ‘पद्धती’ या विभागात ते कुणाचं हे लिहावं लागतं. सायटेशन मोजतं ते वापराला. विचार किती खोल होता, हे त्यातून कळत नाही.

एच-इंडेक्स या संशोधकाचं काम मोजायच्या दुसऱ्या मापाची गत वेगळीच. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला: ज्याच्या ३० निबंधांना प्रत्येकी किमान ३० सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स किमान ३०. या हिशेबात लेम्लींचा दोन लाखांचा निबंध फक्त एकाची भर घालतो. एक मोजमाप त्या निबंधाला डोक्यावर घेतं, दुसऱ्याला तो जेमतेम दिसतो. नेमणुकीच्या वेळी समितीने आकडा पाहण्याआधी निदान एक निबंध वाचावा, असं मी आग्रहाने म्हणेन.

कारण लेम्लींचं मोठं काम पुढचं आहे. १९७७ मध्ये जेम्स पॉलसन आणि त्यांनी गुणसूत्रांमधली हिस्टोन प्रथिनं (ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो ती) काढून टाकली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मधोमध गुणसूत्राच्या आकाराचा सांगाडा आणि त्यातून चहूकडे पसरलेले डीएनएचे लांबच लांब फास. ते छायाचित्र पाठ्यपुस्तकांत गेलं. हे फास खरे की प्रयोगातल्या रसायनांची करामत, यावर अनेक वर्षं वाद झडले. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये पेशी विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं कशी घडतात यावर एक निबंध आला. कंडेन्सिन नावाची प्रथिनं डीएनएचे फास रचतात, असं त्यात दाखवलं होतं. त्याच्या लेखकांत जेम्स पॉलसन हेही होते.