तोंडावरचा रुमाल

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे निघालं की आरे-वारेला रस्ता डोंगराच्या कडेनं वर चढतो आणि डाव्या हाताला एकदम समुद्र उघडतो. संध्याकाळच्या वेळी तिथं न थांबता पुढे जाणारा माणूस विरळा. आम्हीही थांबलो, आणि भाचा दार उघडता उघडताच ओरडला, “मामा, टेस्टिंगची गाडी!”

वळणावर एक लांबलचक सेडान उभी होती. लाल नंबरप्लेट, आणि बंपरपासून डिकीपर्यंत काळ्या-पांढऱ्या गिरक्यांचं स्टिकर, बाजारात यायच्या आधी गाडीचं रूप कोणाला कळू नये म्हणून. गाडीबरोबरची दोन पोरं आमच्यासारखीच सूर्याचे फोटो काढत होती. आम्ही त्यांच्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या, तरी बॉनेट सपाट आहे की मधे फुगीर, दारावरची घडी कुठून कुठे जाते, काही म्हणजे काही कळेना. तीन हातांवरून बघतोय, ऊन लख्ख आहे, आणि तरी कळत नाही, ही गंमतच होती.

भाच्याला सध्या एकच ध्यास आहे, बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीज या आलिशान सेडानचं रूप बदलणार म्हणे, त्याचा. आमच्या वाडीत ती गाडी कोणाकडे नाही आणि कोणाकडे येण्याची चिन्हंही नाहीत. पण पुढचं तोंड कसं असेल, दिवे दोन तुकड्यांतलेच राहतील का, ग्रिल, म्हणजे पुढची जाळी, लहान होईल का, यावर त्याच्या मित्रांत रोज खल चालतो. मला गाडीपेक्षा या खलात जास्त रस आहे. कारण ज्याचा अंदाज बांधायचा त्यातलं बरंचसं मुळात गुपित नाहीच.

आधी ते स्टिकर.

ही युक्ती गाड्यांची नाही, जहाजांची आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची जहाजं धडाधड बुडवली, तेव्हा १९१७ साली नॉर्मन विल्किन्सन नावाच्या चित्रकारानं नौदलाला सुचवलं की समुद्रावर जहाज लपवता येत नाही, तर लपवूच नका. त्यावर उलटसुलट पट्टे रंगवा. पाणबुडीतल्या माणसाला जहाज दिसून उपयोग नसतो. ते कोणत्या दिशेनं आणि किती वेगानं चाललंय हे कळावं लागतं, कारण टॉर्पेडो जहाज आत्ता आहे तिथं सोडून चालत नाही, ते थोड्या वेळानं जिथं असेल तिथं सोडावा लागतो. पट्ट्यांमुळे नाळ कुठली आणि पाठ कुठली हेच उमगेनासं झालं की नेम चुकणार. ‘टायटॅनिक’चं भावंड ‘ऑलिंपिक’ही असं रंगवलं होतं. उपयोग नेमका किती झाला यावर अजून वाद आहेत, पण युक्ती डोळ्याला फसवते यावर नाही.

निसर्गात हे आधीपासून आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोट लागल्या लागल्या पाटीतलं ताजं माकूल, तो मऊ अंगाचा, भुजांचा समुद्री प्राणी, बघा, अंगावरचे ठिपके अजून उघडमीट करत असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची एक पिशवी, आणि तिच्याभोवतीचे स्नायू ती ताणतात किंवा सोडतात. दगडगोट्यांच्या तळावर याच्या गोतावळ्यातली एक जात पाठीवर पांढरा चौकोन काढते. बघणाऱ्या माशाला तो चौकोन दिसतो, माकूल दिसत नाही. आणि एवढी रंगसंगती करणाऱ्या या प्राण्याला स्वतःला रंग ओळखता येत नाहीत.

गाडीवरचं स्टिकर मात्र कडेपेक्षा फुगवट्यावर घाव घालतं. एखादी वस्तू फुगीर आहे की खोलगट, हे आपण उजेड-सावलीवरून ठरवतो, आणि ते ठरवताना मेंदू एक गोष्ट न विचारता गृहीत धरतो, की उजेड वरून येतोय. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली साध्या करड्या गोलांवर हे दाखवलं. वरची बाजू उजळ असलेला गोल फुगीर दिसतो. तोच उलटा केला की खळगा होतो. आपल्याकडे पडताळा घ्यायचा तर चिरेखाणीचा तिरप्या उन्हात वरून काढलेला फोटो घ्या आणि फोनवर फिरवत राहा. एका कोनाला खाण बघता बघता टेकाड होते.

बॉनेटच्या पत्र्यावर उजेड हळूहळू मावळत जातो, त्या मावळण्यावरून मेंदू उतार मोजतो. काळ्या-पांढऱ्या गिरक्या चिकटवल्या की त्या मंद उतरणीवर शंभर ठिकाणी एकदम काळं आणि एकदम पांढरं येतं. खरी सावली कुठली आणि शाईची कुठली, हे वेगळं काढणं मेंदूला झेपत नाही. वर फोमचे खोटे उंचवटे आणि छापलेले खोटे दिवे असतातच.

याच्या बरोब्बर उलटा प्रकार आमच्या नाक्यावरच्या गॅरेजमध्ये रोज चालतो. तिथला डेंटर ठोकलेलं दार पुट्टी मारून, घासून, रंगवून झालं की भिंतीवरची ट्यूबलाइट त्या दारात बघतो. डोकं थोडं खाली-वर करतो. ट्यूबची रेघ पत्र्यावरून सरळ सरकली तर काम झालं. कुठे ती जरा जरी हलली, की “इथं पोट आलंय,” म्हणून पुन्हा घासायला घेतो. हाताला न लागणारा उंचवटा त्याला त्या रेघेत दिसतो. जर्मनीतल्या मोठ्या डिझाइन स्टुडिओतही हेच करतात. छताला दिव्यांच्या लांब रांगा लावतात आणि त्यांचं प्रतिबिंब नमुन्याच्या अंगावरून कसं वाहतं ते बघतात. संगणकावर पृष्ठभाग तपासताना तर त्यावर चक्क झेब्र्यासारखे पट्टे पाडतात.

म्हणजे पट्ट्यांनीच आकार उघडा पडतो आणि पट्ट्यांनीच झाकला जातो. फरक एवढाच की प्रतिबिंबाचा पट्टा आपण हललो की पत्र्यावरून सरकतो आणि वळणावर वाकतो. चिकटवलेला पट्टा जागच्या जागी राहतो. म्हणून ते स्टिकर चकचकीत नसतं, मॅट असतं. त्यात ट्यूबलाइट दिसता कामा नये.

स्टिकरचं झालं. आता त्याखाली किती गुपित उरतं ते पाहू.

पहिली गोष्ट, कपडे कुठे घातलेत ते बघावं. गाडीचं छप्पर, दारं, बाजूचे पत्रे प्रचंड प्रेसमध्ये पोलादी डायवर दाबून काढतात, आणि त्या डाय बनवायला पैसा आणि वेळ दोन्ही अफाट लागतात. त्यामुळे मधल्या वयातल्या डागडुजीत, ज्याला फेसलिफ्ट म्हणतात, कंपनी या भागांना सहसा हात लावत नाही. बंपर, ग्रिल, दिवे बदलते, कारण त्यातलं बरंचसं प्लास्टिक. टेस्टिंगच्या गाडीचं नुसतं नाक आणि शेपूट झाकलेलं असेल तर समजावं फेसलिफ्ट. नखशिखांत झाकली असेल तर पिढीच नवी.

दुसरी गोष्ट कॅलेंडर. सेव्हन सिरीजच्या नव्या पिढ्या आल्या १९९४, २००१, २००८, २०१५ आणि २०२२ साली. दर सात वर्षांनी, आपल्या जत्रेच्या तिथीसारख्या. मधली फेसलिफ्ट २००५, २०१२, २०१९. पुढचा आकडा मांडायला हेर लागत नाही, २०२६ येतो. भाच्याला हे मांडून दाखवलं तेव्हा तो जरा हिरमुसला. त्याला कुणीतरी ‘आतली बातमी’ म्हणून हेच सांगितलं होतं.

तिसरी गोष्ट हवा. गाडीला हवा किती अडवते याचा एक गुणांक असतो. या गाडीच्या विजेवर चालणाऱ्या भावंडाचा, आय-सेव्हनचा, तो ०.२४ आहे आणि मर्सिडीजच्या ईक्यूएसचा ०.२०. एवढा खाली यायचं तर आकार फार मनमानी करू देत नाही. पुढे गोलसर, आणि मागे हळूहळू निमुळतं. बांगडा ताटात येतो तेव्हा त्याच्याकडे जरा नीट बघा, जाडी पुढे आणि लांब उतरण मागे. मात्र गाडीला एवढी शेपटी परवडत नाही, पार्किंग मिळायचं नाही. १९३० च्या दशकात वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्यानं दाखवलं की उतरण योग्य असेल तर शेपटी मधेच सरळ कापली तरी तोटा थोडाच होतो. आजच्या डिकीची ती तुटक कड तिथून आलीय.

ही सगळी मेहनत कोणासाठी, तर वेगानं जाणाऱ्यासाठी. हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ढोबळ हिशेब केला तर अशा गाडीला ताशी १०० किलोमीटरला हवेपायी साधारण १० अश्वशक्ती लागतात आणि २०० ला ८० च्या वर. आरे-वारेच्या वळणांवर ताशी ४० नं चाललात तर पाऊण अश्वशक्तीही नाही. जर्मन पवनबोगद्यात घासून कमी केलेला गुणांकाचा दुसरा दशांश आपल्या रस्त्यावर पहिल्याच गतिरोधकाला संपतो.

चौथं कायदा. बॉनेट दिसायला कितीही पातळ हवं असलं तरी पत्रा आणि खालच्या कडक यंत्रामध्ये पोकळी ठेवावी लागते, धडकलेल्या पादचाऱ्याचं डोकं इंजिनवर न आपटता पत्र्यात रुतावं म्हणून. त्यामुळे गाड्यांची नाकं वर आली. ‘हल्लीच्या गाड्या फुगलेल्या दिसतात’ ही तक्रार अगदीच चूक नाही, पण दोष नुसता डिझायनरचा नाही.

एवढं वजा केल्यावर उरतं काय? तोंड.

कोकणात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पेणच्या कारखान्यात मूर्ती ओळीनं उभ्या असतात. देह, सोंड, पाट, सगळं झालेलं असतं, पण डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती माती असते. आणि मूर्ती घरी आणताना तोंडावर रुमाल. खाली सोंड आहे हे अख्ख्या वाडीला ठाऊक, तरी पोरं रुमाल उचलून बघायला धडपडतात. गाड्यांचे नमुनेही पहिल्यांदा पूर्ण आकारात मातीतच घडवतात. ती माती आपल्या शाडूसारखी पाण्यानं भिजवायची नाही, गरम करून मऊ करायची. थंड झाली की खरवडता येते.

गाडीच्या पुढच्या बाजूला तोंड म्हणणं हा नुसता अलंकार नाही. आपल्या मेंदूत चेहरे ओळखणारा एक खास भाग आहे; नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचं नेमकं ठिकाण दाखवून दिलं. दोन डोळे आणि खाली काहीतरी, एवढ्यावर चेहरा मानायला मेंदू तयार असतो. मग तो नारळाच्या करवंटीवर असो की एसटीच्या पुढच्या बाजूवर. म्हणूनच कंपनी डिकीचा कोन बदलते तेव्हा कोणी ब्र काढत नाही आणि डोळ्यांना हात लावला की बोंब होते. २०१९ च्या फेसलिफ्टमध्ये सेव्हन सिरीजचं ग्रिल कंपनीच्याच सांगण्यानुसार सुमारे ४० टक्क्यांनी मोठं झालं. काय टीका झाली! २०२२ ला हेडलाइट वर-खाली दोन तुकड्यांत फोडले, पुन्हा टीका. मला विचाराल तर ते ग्रिल अजूनही जांभई देतंय असं वाटतं.

पण माझ्या वाटण्याला फार किंमत देऊ नका. १९६८ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं लोकांना चिनी लिपीसारखी अनोळखी चिन्हं दाखवली, काही एकदाच, काही पुन्हा पुन्हा. जी जास्त वेळा दिसली ती लोकांना जास्त बरी वाटली, अर्थ कळत नसूनही. २००१ च्या सेव्हन सिरीजची डिकी वरून झाकण ठेवल्यासारखी दिसते म्हणून मुख्य डिझायनर ख्रिस बँगल यांच्याविरुद्ध सह्यांची मोहीम निघाली होती. गाडी व्यवस्थित खपली, आणि पुढे तशा डिक्या इतर कंपन्यांच्या गाड्यांवरही दिसू लागल्या.

तोंडाचाही थोडा सुगावा आहेच. या कंपनीच्या गाड्यांना १९३३ पासून मूत्रपिंडाच्या आकाराचं जोडग्रिल आहे, ते काही जात नाही. विजेच्या गाडीला इंजिनाएवढी हवा नको, म्हणजे ते उघडं असण्याची गरज संपली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात कंपनीनं आय-एक्स-थ्री ही नव्या धर्तीची विजेची गाडी दाखवली, तिच्यात ते पुन्हा अरुंद आणि उभं झालंय, आणि आत काचेच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत माहितीची पट्टी आलीय. मोठ्या भावंडाचं तोंड धाकट्याकडे बघून ओळखायला फार मोठी अक्कल लागू नये. माझी पैज, पट्टी येणार. ग्रिल मात्र लहान होणार नाही. एवढी महाग गाडी घेणाऱ्याला ती लांबून ओळखू यावी असं वाटतं.

डेंटरला मी हे सगळं सांगत होतो तर त्यानं एकच विचारलं, “पत्रा कसला आहे?” दारं, बॉनेट बऱ्याच महागड्या गाड्यांत ॲल्युमिनियमची असतात म्हटल्यावर त्यानं मान हलवली. पोलाद आणि ॲल्युमिनियम जोडलं, मधे खारट ओल शिरली, की तिथं एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. कारखान्यात गंजाची चाचणी ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात घेतात. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के. त्याला नव्या तोंडाची उत्सुकता नव्हती, चाकाच्या कमानीच्या आतल्या रंगाची होती.

आरे-वारेला शेवटी झालं असं की सूर्य अगदी टेकायला आला आणि ती गाडी आमच्या आणि समुद्राच्या मधोमध आली. आमच्याकडच्या बाजूवर उजेडच उरला नाही, त्यामुळे गिरक्या गायब. मागे केशरी आभाळ आणि पुढे काळीभोर कड. बॉनेटचा चढ, काचेचा कोन, छप्पर कुठे वाकतं, डिकी कुठे तुटते, सगळं कागद कापून ठेवल्यासारखं. भाच्यानं फोटो काढला. तेवढ्यात त्या पोरांच्या लक्षात आलं असावं, गाडी सुरू करून ती निघून गेली.

घरी आल्यावर तो फोटोचा ब्राइटनेस वाढवत बसला, गाडी नीट दिसावी म्हणून. जसजसा उजेड वाढला तसतशा गिरक्या वर आल्या आणि छपराची कड विरघळत गेली. “मामा, आता तर काहीच कळत नाही.”

म्हटलं, होता तसा काळा कर.