मॅमिलारिया की रेब्युशिया? फूल कुठून येतं ते आधी बघा

नाशिकच्या नर्सरीत तीन इंची कुंडीतलं, बारीक काट्यांचं, भोवती पिल्लं धरलेलं गोल कॅक्टस बहुतेक वेळा मॅमिलारिया म्हणूनच हातात पडतं. त्यात अधूनमधून एखादं रेब्युशिया असतं. दोन्हींच्या अंगावर सलग धारा नसतात, गोलाकार फिरत गेलेली टेंगळं असतात, म्हणून फसगत होते. घरी दोघांना सारखंच पाणी मिळतं आणि मे महिन्यात रेब्युशिया बुडातून कुजतं.

ओळख फुलावरून पटते. मॅमिलारियाचे काटे टेंगळाच्या टोकावर असतात, पण फूल दोन टेंगळांमधल्या खाचेतून निघतं. तेही बहुधा मागच्या हंगामातल्या वाढीवर, म्हणून शेंड्याच्या जरा खाली एक-दोन सेंटिमीटरच्या फुलांचं कडं तयार होतं. रेब्युशियाचं फूल थेट काट्यांच्या गादीतून येतं आणि ते खाली, बुडाजवळ. लांब नळीचं, तीन-चार सेंटिमीटरचं, केशरी, लाल किंवा पिवळं; ऐन बहरात झाड झाकून जातं.

फूल नसेल तर खाचा बघा. तिथे पांढरी लव दिसली तर मॅमिलारिया. सुई टोचून दुधाळ चीक आला तरी मॅमिलारियाच. चीक आला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण कित्येक मॅमिलारियांना तो नसतोच. आणि शेंड्यावर मधोमध कागदासारखं कुरकुरीत फूल असेल तर ते गोंदाने चिकटवलेलं वाळकं फूल आहे. दमट हवेत तेही मिटतं, त्यामुळे खरं वाटतं.

मॅमिलारिया मुख्यतः मेक्सिकोचं. रेब्युशिया बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनातल्या अँडीज पर्वताचं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल शूमानने 1895 मध्ये त्याला नाव दिलं ते पिएर रेबू या फ्रेंच द्राक्षबागायतदाराचं, जो कॅक्टसची रोपंही विकायचा. नाशिककरांनी त्याला गच्चीत जागा द्यायला एवढं निमित्त पुरे आहे.

नाशिकची थंडी रेब्युशियाला मानवते. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी बंद करा, कुंडी उजेडात ठेवा; डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या आसपास जातात, तेवढ्या गारव्यात कळ्या धरतात. झाड थोडं आक्रसतं, घाबरू नका. हिवाळा सरताना बुडाशी तपकिरी-लालसर ठिपके दिसतील. टोकदार आणि खवल्यांचा असेल तर कळी, गोल आणि काटेरी असेल तर पिल्लू. हा फरक स्पष्ट होईपर्यंत पाणी देऊ नका. घाईने पाणी मिळालं तर झाड फुलांऐवजी पिल्लं वाढवत बसतं. मॅमिलारियाला याच काळात तीन-चार आठवड्यांनी थोडं पाणी चालतं.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की मॅमिलारिया 50 टक्के शेडनेटखाली तग धरतं. रेब्युशियाला सकाळचं ऊन दहापर्यंत, नंतर सावली आणि मोकळा वारा हवा. कडक उष्म्यात त्याची मुळं काम थांबवतात, म्हणून सुकलेलं दिसलं तरी भरपूर पाणी घालणं घातक. पावसाळ्यात दोन्ही छपराखाली.

माती एकच चालते: धुतलेला 2 ते 5 मिलिमीटरचा मुरूम दोन भाग, परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) एक भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग. काळी माती अजिबात नको, ती भिजली की मुळांना हवा मिळत नाही.

पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. मॅमिलारिया ग्रॅसिलिसची नुसत्या धक्क्याने सुटतात. इतरांची सांध्यावर स्वच्छ पात्याने कापा. जखम सावलीत पाच ते सात दिवस वाळू द्या, कोरड्या मिश्रणावर टेकवून ठेवा, आठवड्याने पहिलं पाणी द्या. सडतात ती बहुतेक ओल्या जखमेनेच. रेब्युशियाचं पिल्लू काढताना आधी बुडाची माती सारून बघा, पुष्कळदा त्याला स्वतःची मुळं फुटलेली असतात.

कीडही वेगळी. मॅमिलारियाच्या खाचांत पिठ्या ढेकूण लपतो आणि लव समजून दुर्लक्ष होतं. काडीने दाबून बघा: ओला डाग पडला तर कीड. संध्याकाळी स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश फिरवा. रेब्युशियाची साल पातळ, तिच्यावर उन्हाळ्यात लाल कोळी ही रस शोषणारी अतिबारीक कीड येते. शेंड्याकडून तपकिरी खरड दिसू लागली की कोळीनाशक लगेच फवारा, कारण ते डाग पुन्हा हिरवे होत नाहीत.

बियांपासून रोपं करायची तर मॅमिलारियाची मिरचीसारखी लाल फळं फुलानंतर काही महिन्यांनी वर येतात. गर धुऊन बी वाळवा. बऱ्याच जातींना परागासाठी दुसरं झाड लागतं, आणि एकाच झाडाची दोन पिल्लं म्हणजे दोन झाडं नव्हेत. रेब्युशिया मिनुस्कुला एकटंच बी धरतं. त्याचं फळ बुडाशी वाळून फुटतं, बी लवकर जुनं होतं, म्हणून त्याच वर्षी पेरा. दोघांचंही बी मातीवर नुसतं भुरभुरा, झाकू नका. 20 ते 25 अंशांत एक-दोन आठवड्यांत उगवतं.