न्यायालयीन पुनर्विलोकन : १९७६ चा निकाल आणि नंतर

घटनेच्या मूलभूत संरचनेला, म्हणजे तिच्या गाभ्याला, संसदही हात लावू शकत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयात १९७३ मध्ये ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने ठरले. दोनच वर्षांत त्याचा कस लागला. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारे ३९ व्या घटनादुरुस्तीतले कलम नोव्हेंबर १९७५ मध्ये रद्द झाले. निवडणूक मात्र वैध ठरली.

आणीबाणीतला खरा प्रश्न तुरुंगात होता. ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली हजारो लोक विनाचौकशी आत होते आणि कलम १४ (समानता), २१ (जीवित व स्वातंत्र्य) व २२ (अटकेतले संरक्षण) यांसाठी कोर्टात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने थांबवला होता. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी, त्यात मुंबईचे नागपूर खंडपीठही आले, अटक कायद्याला धरून आहे की नाही एवढे तरी तपासता येईल अशी भूमिका घेतली. सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. सुनावणीत एका न्यायमूर्तींनी विचारले, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस ठार केला तर दाद मागता येईल का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे सरकारच्या वतीने सांगण्यात आले. २८ एप्रिल १९७६ रोजी ४ विरुद्ध १ मताने सरकारची सरशी झाली. स्थानबद्धांची काळजी जवळजवळ आईच्या मायेने घेतली जाते, असे बहुमतातल्या एका निकालपत्रात लिहिलेले आहे. ते आजही वाचवत नाही. प्रश्न विचारणाऱ्या न्यायमूर्तींचेच एकमेव विरोधी मत होते. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

कलम २० (शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ आणीबाणीतही स्थगित होणार नाही, अशी तरतूद संसदेने १९७८ मध्येच केली. पुनर्विलोकन, म्हणजे कायदे व सरकारी निर्णय घटनेला धरून आहेत का हे न्यायालयाने तपासणे, हाच मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे १९८० मध्ये स्पष्ट झाले. पण १९७६ चा निकाल मोडीत काढायला न्यायालयाला २०१७ उजाडले. तसे लिहिणारे न्यायमूर्ती १९७६ च्याच बहुमतातल्या एका न्यायमूर्तींचे चिरंजीव होते.

उशिराचा हा दोष अजून गेलेला नाही. पक्षांना निनावी देणगी देण्यासाठी २०१८ मध्ये सुरू झालेले निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरले; मध्ये २०१९ ची लोकसभा निवडणूक होऊन गेली. महाराष्ट्रात राज्यपालांनी दिलेला बहुमत चाचणीचा आदेश योग्य नव्हता, असे घटनापीठाने मे २०२३ मध्ये म्हटले, पण मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येणार नाही असेही सांगितले. ती चाचणी रोखायला याच न्यायालयाने २९ जून २०२२ च्या रात्री नकार दिला होता.