व्हर्च्युअल मशीनची वाटणी: दिलेले परत घेण्याचा इतिहास

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने भासवलेला संगणक, उभे करताना आपण तीन आकडे भरतो: किती कोअर (प्रोसेसरचे गाभे), किती रॅम, किती डिस्क. एका सर्व्हरवरच्या सगळ्या मशीनचे आकडे एकत्र केले, तर बेरीज बहुधा त्या सर्व्हरच्या कुवतीपेक्षा मोठी निघते. तरी काम चालते, कारण सगळे एकाच वेळी सगळे मागत नाहीत. अडचण येते ती दिलेले परत घेताना. या क्षेत्राचा इतिहास मला तरी त्याच अडचणीचा इतिहास वाटतो.

सुरुवात आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) इथल्या केंद्रात झाली. रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या गटाने बांधलेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ साली वापरात आली. ती सिस्टिम/३६० मॉडेल ४० या यंत्रावर चाले. या मॉडेलला जास्तीत जास्त २५६ किलोबाइट मेमरी बसवता येई आणि सीपी-४० मात्र १४ व्हर्च्युअल मशीनना प्रत्येकी तेवढीच मेमरी असल्याचे भासवत असे. पुढे १९७२ मध्ये व्हीएम/३७० हे अधिकृत उत्पादन म्हणून जाहीर झाले. डिस्कसाठी या घराण्याने ‘मिनीडिस्क’ काढली: खऱ्या डिस्कवरचे सलग सिलिंडर (डिस्कवरचे गोल पट्टे) कापून एकेका मशीनच्या नावावर करायचे. मेमरीची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) गरजेप्रमाणे फिरत राहत. मिनीडिस्कचा तुकडा मात्र भरलेला असो वा रिकामा, मालकाकडेच राही.

नंतर पीसीचे युग आले आणि विषय मागे पडला. पीसीतल्या एक्स८६ प्रोसेसरच्या काही सूचना व्हर्च्युअलायझेशनला दाद देत नव्हत्या. त्यावर तोड काढत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने २००१ साली ईएसएक्स सर्व्हर हा हायपरव्हायजर (खरे यंत्र व्हर्च्युअल मशीनमध्ये वाटून देणारे सॉफ्टवेअर) आणला.

मेमरीच्या बाबतीत सर्वात देखणे काम इथेच झाले, असे माझे मत आहे. व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्डस्परगर यांनी २००२ मध्ये त्यावर निबंध मांडला. मेमरी कमी पडली की हायपरव्हायजरला कुणाची तरी पाने काढून घ्यावी लागतात. पण कोणते पान महत्त्वाचे, हे त्याला बाहेरून कळत नाही. त्याने एखादे पान डिस्कवर टाकावे आणि नेमके तेच पान गेस्टनेही (व्हर्च्युअल मशीनमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमनेही) स्वतःच्या स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीतली पाने ठेवायच्या डिस्कवरच्या जागेत, टाकायला काढावे, की ते आधी डिस्कवरून परत आणावे लागते, केवळ पुन्हा डिस्कवर लिहिण्यासाठी. ‘बलून’ने हा पेच सोडवला. गेस्टच्या आत बसलेला छोटा ड्रायव्हर फुगतो, म्हणजे गेस्टकडेच मेमरी मागतो. मग काय सोडायचे ते गेस्ट स्वतः ठरवतो आणि बलूनने धरलेली पाने हायपरव्हायजर दुसऱ्याला देतो. निर्णय ज्याला माहिती आहे त्याच्याकडेच सोपवला, हे त्यातले मर्म. याच निबंधात दोन मशीनमधली तंतोतंत सारखी पाने एकदाच साठवण्याची युक्तीही होती. पण त्यातून एका मशीनची माहिती दुसऱ्याला कळू शकते असे संशोधनातून दिसले आणि २०१४ मध्ये व्हीएमवेअरने मशीन-मशीनमधली ही वाटणी मूळ सेटिंगमध्ये बंद केली.

प्रोसेसरचे त्या मानाने सोपे. वेळ संपली की तो परत येतोच. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये चिपमध्येच व्हर्च्युअलायझेशनला आधार दिला. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत केव्हीएम हा अंगभूत हायपरव्हायजर आला.

डिस्क मात्र अडूनच राहिली. ‘थिन’ डिस्कने मिनीडिस्कची जुनी उधळपट्टी थांबवली: १०० जीबी कबूल करायचे, पण जागा लिहिले जाईल तशीच द्यायची. मात्र गेस्टने फाइल पुसली, तरी तो फक्त आपल्या नोंदवहीत ‘मोकळे’ असे लिहितो. खाली स्टोरेजला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे डिस्क फुगत जाते, आटत नाही. आणि डेटास्टोअर (अनेक मशीनच्या डिस्क ठेवायची सामायिक जागा) काठोकाठ भरला, की त्यावरच्या ज्या ज्या मशीनला नवी जागा हवी असते, ती सगळी एकदम अडकतात.

यावरचा उपाय बलूनच्याच वळणाचा आहे. आतल्याने बाहेरच्याला सांगायचे की हे ब्लॉक आता नकोत. त्यासाठी ट्रिम आणि अनमॅप हे आदेश आले. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ५.० ने २०११ मध्ये डेटास्टोअरवरची मोकळी जागा आपोआप अॅरेला (खालच्या खऱ्या डिस्कच्या संचाला) परत करायला सुरुवात केली, पण काही अॅरे त्या ओझ्याखाली इतके मंदावले की पॅच काढून ती सोय बंद करावी लागली. मग काही वर्षे प्रशासक तो आदेश रात्रीच्या वेळी हाताने चालवत. २०१६ च्या ६.५ आवृत्तीत, डेटास्टोअरच्या व्हीएमएफएस-६ या फाइल प्रणालीसोबत, ती पुन्हा आपोआप सुरू झाली. या वेळी मुद्दाम संथ गतीने, पार्श्वभूमीत.